नॅशनल फॉरेस्टमध्ये तोड चालते? ओरेगनच्या जुन्या जंगलांबद्दल

रानवाट (धागाकर्ता)

अमेरिकेत आलेल्या मराठी माणसांकडून एक समज इतक्या वेळा ऐकलाय की शेवटी धागाच काढतोय. तपकिरी रंगाची 'नॅशनल फॉरेस्ट' अशी पाटी दिसली की पुढचं जंगल कायमचं राखलेलं, तिथे करवत चालणार नाही, असं सगळे धरून चालतात. तसं अजिबात नाही.

नॅशनल पार्क अंतर्गत व्यवहार खात्याकडे असतं आणि तिथे व्यापारी तोड होत नाही. नॅशनल फॉरेस्ट मात्र १९०५ पासून कृषी खात्याकडे आहे. खात्याच्या नावावरूनच अंदाज यावा. १९६० च्या कायद्यात या जमिनीचे उपयोग सरळ लिहिलेले आहेत: लाकूड, पाणी, चराई, वन्यजीव, मनोरंजन. अशी जमीन देशभरात सुमारे १९ कोटी ३० लाख एकर आहे. शिवाय ओरेगन राज्याच्या पश्चिम भागात बीएलएम नावाच्या दुसऱ्याच सरकारी यंत्रणेकडे बुद्धिबळाच्या पटासारखी चौकोनाआड चौकोन पसरलेली जंगलं आहेत. या सगळ्यात लाकडाचे लिलाव कायदेशीरपणे होतात. भांडण आहे ते कुठलं लाकूड, यावर.

आता जुनं जंगल म्हणजे काय ते. कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिम उतारावर डग्लस फर या सूचीपर्णी झाडाचं जंगल साधारण पावणेदोनशे ते अडीचशे वर्षांचं झालं की त्याचा नूर बदलतो. सगळी झाडं एका वयाची राहत नाहीत. पाचशे वर्षांच्या झाडाखाली दीडशे वर्षांचं हेमलॉक (तेही सूचीपर्णीच), त्याखाली माणसाच्या उंचीची रोपं. मधे मधे वठलेली झाडं उभी, त्यांच्या ढोल्यांत घुबडं आणि उडत्या खारी. आणि जमिनीवर ओंडके. आडवा पडलेला एखादा ओंडका नीट पाहिलात तर त्याच्या पाठीवर हेमलॉकची रोपं रांगेने उगवलेली दिसतात, कारण खाली नेच्यांच्या आणि शेवाळाच्या गर्दीत बीला जागाच मिळत नाही. दोन-तीनशे वर्षांनी ओंडका कुजून जातो आणि वरची झाडं मुळांच्या तंगड्यांवर उभी राहतात, मधून आरपार दिसतं.

ओरेगनमधल्या एच. जे. अँड्रयूज प्रायोगिक जंगलात १९८५ साली एक प्रयोग सुरू झाला. पाचशेहून जास्त ओंडके जंगलात मांडून ठेवले आणि ते कसे कुजतात याची नोंद ठेवायची. मुदत दोनशे वर्षं. जंगलाच्या कामाचा वेग कळायला मला हे एवढं उदाहरण पुरतं. शेजारच्या खासगी रोपवनांत झाड चाळीस-पन्नास वर्षांत तोडतात. ते हिरवं दिसतं, लांबून जंगलच वाटतं, पण त्यात वठलेलं खोड नाही, कुजका ओंडका नाही, थर नाहीत.

कायद्याची गोष्ट थोडक्यात. १९९० च्या जूनमध्ये उत्तरेकडच्या ठिपकेदार घुबडाला (स्पॉटेड आऊल) धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षण मिळालं. १९९१ मध्ये सिॲटलचे फेडरल न्यायाधीश विल्यम ड्वायर यांनी घुबडाच्या अधिवासातले लिलाव थांबवले. एप्रिल १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी पोर्टलंडला सगळ्यांना एकत्र बसवलं आणि १९९४ मध्ये नॉर्थवेस्ट फॉरेस्ट प्लॅन आला. वॉशिंग्टन, ओरेगन आणि उत्तर कॅलिफोर्नियातली २ कोटी ४५ लाख एकर सरकारी जमीन त्याखाली आली. लोक समजतात की त्या दिवशी प्रश्न मिटला. पण त्या आराखड्यातच 'मॅट्रिक्स' नावाचा एक विभाग आहे, जिथे तोड करायचीच होती, आणि त्या विभागात जुनी झाडंही होती!

मग जानेवारी २००१ चा रोडलेस नियम. ५ कोटी ८५ लाख एकरांत नवे रस्ते नकोत. हा मला सगळ्यांत शहाणा नियम वाटतो, कारण रस्त्याशिवाय एवढा अवजड ओंडका काढणं परवडत नाही. पण अलास्कातल्या टाँगास जंगलाला त्यातून २०२० मध्ये वगळलं, २०२३ मध्ये परत घेतलं, आणि जून २०२५ मध्ये कृषिमंत्र्यांनी अख्खा नियमच मागे घेणार असं जाहीर केलं. बायडन यांनी २२ एप्रिल २०२२ ला जुन्या जंगलांची मोजणी करायचा आदेश काढला. पुढच्या वर्षी मोजणी आली: दोन्ही यंत्रणांकडे (कृषी खात्याखालचं वनखातं आणि बीएलएम) मिळून ३ कोटी एकरांहून जास्त जुनं जंगल आणि सुमारे ८ कोटी एकर त्या वाटेवर असलेलं प्रौढ जंगल. त्यावरून सगळ्या नॅशनल फॉरेस्टच्या आराखड्यांत जुन्या जंगलाला संरक्षण देणारी दुरुस्ती येणार होती. ती जानेवारी २०२५ मध्ये वनखात्याने स्वतःच मागे घेतली. १ मार्च २०२५ ला ट्रंप सरकारचा लाकूड उत्पादन वाढवण्याचा आदेश आला.

माझं म्हणणं असं की आदेश येतात नि जातात. झाडं वाचतात किंवा पडतात ती आराखड्यातल्या बारीक अक्षरांमुळे: कोणत्या वयाला जुनं म्हणायचं, किती जाडीच्या वर हात लावायचा नाही, रस्ता करता येईल का, आणि 'अपवाद' या शब्दाखाली काय काय घुसवलंय. घोषणांवर टाळ्या वाजवणारे लोक हे वाचत नाहीत, लाकूड कंपन्यांचे वकील मात्र वाचतात. तुमची मतं येऊ द्या.

पाणथळ

वाचनखूण साठवली. पार्क आणि फॉरेस्टमधला फरक खरंच माहीत नव्हता, दोन्हीकडे तोच हॅटवाला रेंजर दिसतो. शंका: तोडतं कोण? खातं स्वतः का?

रानवाट

नाही. खातं 'टिंबर सेल' काढतं. अधिकारी जंगलात फिरून तुकडे आखतात (युनिट म्हणतात, आपल्याकडच्या वनखात्याच्या भाषेत कूप), झाडांवर रंगाचे पट्टे मारतात, लाकूड किती निघेल याचा अंदाज 'बोर्ड फूट' या मापात काढतात आणि लिलाव करतात. बोली जिंकणारा ठेकेदार तोडून नेतो. १९०८ च्या कायद्याने उत्पन्नाचा पाव हिस्सा तिथल्या कौंटीला (जिल्ह्यासारखा विभाग) शाळा आणि रस्त्यांसाठी मिळायचा. गोम आहे ती इथे: जितकी तोड जास्त तितका शाळेला पैसा जास्त.

करवत

लेख चांगला आहे, पण एकतर्फी. मी घरबांधणीच्या धंद्यात आहे, म्हणून दुसरी बाजू.

लाकूड पुन्हा उगवतं. सिमेंट आणि पोलाद उगवत नाही, वर त्यांचा धूर वेगळा. घरं तर बांधायचीच आहेत. इथे तोड बंद केली म्हणजे मागणी बंद होत नाही. तेच लाकूड दुसऱ्या देशातून येतं, जिथे कायदे याहून ढिले असतील. आपलं अंगण स्वच्छ ठेवून कचरा शेजारच्याच्या दारात.

दुसरं, तुम्ही ज्या मोजणीचा उल्लेख केलात तिच्याच पाठोपाठ २०२४ च्या सुरुवातीला वनखात्याचा धोक्यांचा अहवाल आला होता. त्यात जुन्या जंगलाला पहिला धोका वणवा, मग कीड आणि रोग. तोडीचा वाटा त्या मानाने बराच कमी. तो अहवाल तुमच्या लेखात का नाही? झाडं जळून कोळसा होण्यापेक्षा कुणाच्या घराची तुळई झाली तर काय बिघडलं?

शंकासुर

करवत +१. झाडाला मिठी मारणारे सगळे लाकडी घरात राहतात.

जाळरेषा

शंकासुर, राहू द्या हो. करवत यांचा मुद्दा मात्र गंभीर आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझी उमेदीची वर्षं वनखात्यात गेली (भारतात), आता मुलाकडे ओरेगनला असतो.

'वणवा' हा एकच शब्द दोन वेगळ्या जंगलांना लावला की सगळी चर्चा फसते. कॅस्केड पर्वताची रांग मधोमध उभी आहे. पूर्वेला कोरडा भाग, पाँडेरोसा पाइनचा. तिथे पूर्वी दर काही वर्षांनी जमिनीलगतची हलकी आग फिरायची. वीज पडून लागायची, शिवाय मूळ रहिवासी जमाती ठरवून लावायच्या. मोठ्या पाइनची साल जाड, त्याला काही होत नसे. खालचं झुडूप आणि पोरवयाची झाडं तेवढी जळत. विसाव्या शतकात वनखात्याने प्रत्येक आग विझवायचं धोरण घेतलं. मूळ जमातींचं जाळणंही बंद पाडलं. परिणाम असा की मोठ्या झाडांखाली बारीक फरची दाटी झाली, आणि आता आग लागली की त्या दाटीवरून शिडी चढल्यागत शेंड्यापर्यंत जाते. इथे विरळणी करायला हवी, त्यानंतर नियंत्रित आग द्यायला हवी. याला माझा पाठिंबा आहे.

पश्चिमेला ओलं जंगल. तिथे मोठी आग शतकानुशतकांनी येते, आणि येते तेव्हा कोरडा पूर्ववारा असतो. सप्टेंबर २०२० मध्ये ओरेगनमध्ये हेच झालं. तशा वाऱ्यात विरळणी केलेलं जंगल काय नि न केलेलं काय. उलट जुन्या जंगलाच्या सावलीत ओलावा टिकतो, ओंडके स्पंजासारखे भिजलेले असतात. तिथे 'वणव्यापासून बचाव' म्हणून जाड झाडं काढणं मला पटत नाही. दाट, एका वयाचं, कोवळं रोपवन त्यापेक्षा वाईट पेटतं.

आता खरी अडचण. विरळणीत जी झाडं काढायला हवीत ती मनगटाएवढी, मांडीएवढी. त्यांना भाव नाही. ठेकेदाराला यंत्र, डिझेल, माणसं परवडत नाहीत. मग तो म्हणतो, सोबत चार जाड झाडं द्या म्हणजे हिशोब जुळेल. खात्याकडेही पैसा नसतो. इथून घसरण सुरू होते. कागदावर विरळणी, ट्रकवर मात्र तीन फुटी ओंडके. मी नोकरीत असताना आमच्याकडेही हे असंच पाहिलं आहे, देश बदलला म्हणून ठेकेदाराचं गणित बदलत नाही.

म्हणून पूर्वेकडच्या जंगलांसाठी १९९० च्या दशकात आलेला एकवीस इंचाचा नियम मला आवडतो. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास २१ इंचांहून जास्त असेल तर झाड तोडायचं नाही. जानेवारी २०२१ मध्ये तो सैल केला होता, पुढे न्यायालयाने तो बदल रद्द केला.

करवत

जाळरेषा काका, हा प्रतिसाद आवडला. पण तुमचा एकवीस इंचाचा नियम आंधळा आहे. विसाव्या शतकात आगी विझवल्यामुळे वाढलेला एखादा ग्रँड फर शंभर वर्षांत एकवीस इंच ओलांडतो आणि शेजारच्या तीनशे वर्षांच्या पाइनचं पाणी पितो. तो काढायचा नाही? झाडाची जाडी म्हणजे वय नव्हे, हे तुम्ही मला सांगायला हवं.

जाळरेषा

बरोबर आहे, आणि काही शास्त्रज्ञांचाही हाच आक्षेप आहे. नियम आंधळा आहेच. पण तो टेप घेऊन कुणालाही तपासता येतो. 'वनस्वास्थ्यासाठी आवश्यक तेवढीच मोठी झाडं काढावीत' असं लिहिलंत की ते फक्त चिन्हांकन करणाऱ्या अधिकाऱ्याला तपासता येतं, आणि त्याच्यावर वरून लक्ष्य असतं की यंदा इतकं लाकूड निघालंच पाहिजे. अधिकाऱ्यावर विश्वास ठेवा म्हणणाऱ्यांनी एकदा मार्चअखेरीस वनखात्याच्या कचेरीत बसून पाहावं. (इकडे वर्ष सप्टेंबरअखेरीस संपतं, एवढाच फरक.)

रानवाट

करवत, दोन मुद्द्यांना उत्तर देतो.

एक, पुरवठा. अमेरिकेतलं बहुतांश इमारती लाकूड खासगी जमिनीवरून येतं, त्यातही दक्षिणेतल्या राज्यांच्या पाइन लागवडीतून. सरकारी जमिनीवरच्या जुन्या झाडांना हात लावला नाही म्हणून घरं बांधायची थांबत नाहीत. ओरेगनमधल्या बऱ्याच सॉ मिलनी तर यंत्रंच बारीक ओंडक्यांसाठी बसवून घेतलीत. फार जाड खोड त्यांना घेताही येत नाही.

दोन, कार्बन. 'झाड तोडून तुळई केली, कार्बन घरात साठला' हे अर्धंच खरं. फांद्या, मुळं, साल, भुसा, कागद यांतला कार्बन लवकर हवेत जातो. १९९० साली 'सायन्स' नियतकालिकात हार्मन, फेरेल आणि फ्रँकलिन यांचा अभ्यास आला होता. जुन्या जंगलाच्या जागी कोवळं जंगल आणलं तर त्या जागेवरचा साठा निदान दोनशे वर्षं पूर्वीइतका होत नाही, असं त्यात आहे. आणि रोपवन चाळीसाव्या वर्षी परत तोडणार असाल तर ते दोनशे वर्षं येणारच नाहीत.

वणव्याचा अहवाल मी दिला नव्हता, ते तुम्ही आणलंत ते बरं केलंत. पण तोडीचा धोका कमी दिसतो त्याचं एक कारण म्हणजे १९९४ नंतर तोडीवर बंधनं होती. कुलूप लावलं म्हणून चोरी झाली नाही, तर चोरीचा धोका कमी म्हणून कुलूप काढायचं का?

मिलगावकर

बराच वेळ नुसता वाचत होतो. आता लिहितो.

माझी बायको इथलीच, ओरेगनच्या दक्षिणेतल्या लाकूड-गावातली. तिचे आजोबा आणि वडील दोघेही मिलमध्ये. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली. तुम्ही 'घुबड' म्हणता तेव्हा तिच्या घरात अजून ताटातला घास खाली ठेवतात. शाळेचं वाचनालय बंद झालं, रात्रीची पोलीस गस्त बंद झाली. पोर्टलंड-सिॲटलहून लोक शनिवारी ट्रेलवर येतात, फोटो काढतात आणि रविवारी परत जातात. गावाच्या पदरात पार्किंगचा कचरा.

पण सासऱ्यांचं ऐकलं तर तेही पूर्ण दोष घुबडाला देत नाहीत. ऐंशीच्या दशकातच यंत्रं आली आणि त्याच लाकडाला निम्मी माणसं पुरायला लागली. खासगी जमिनीवरचे अख्खे ओंडके जहाजात भरून जपानला जायचे. सरकारी जमिनीवरच्या ओंडक्यांना निर्यातबंदी होती, खासगीला नव्हती. म्हणजे चिरायचं कामही परदेशात. आणि मोठी झाडं संपतच आली होती. ते म्हणतात, आम्ही शेवटची दहा वर्षं पूर्वीपेक्षा दूर आणि उंचावर जात होतो.

रानवाट, तुम्ही कौंटीच्या हिश्श्याबद्दल लिहिलंत, त्यात थोडी भर. पश्चिम ओरेगनच्या अठरा कौंट्यांसाठी १९३७ चा वेगळा कायदा आहे, बीएलएमच्या त्या चौकोनी जमिनींसाठी. तिथला हिस्सा पाव नव्हे, निम्म्याहून कमी कधीच नसायचा. इतका पैसा झाडांतून यायचा की काही कौंट्यांनी मालमत्ता कर नाममात्र ठेवला होता. २००० साली काँग्रेसने तोडीशी संबंध न ठेवता पैसे द्यायचा कायदा केला, पण तो दर काही वर्षांनी संपतो आणि मुदतवाढीची वाट बघत बसायचं. जंगल वाचवायचं असेल तर आधी या शाळांचा पगार झाडांपासून सोडवा. हे केल्याशिवाय इथल्या माणसाला जंगल वाचवायला सांगू नका, तो ऐकणार नाही आणि त्याने का ऐकावं?

पाणथळ

मिलगावकर, फार नेमकं लिहिलंत.

घाटमाथा

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? १९८० चा वनसंवर्धन कायदा, १९९६ चा गोदावर्मन खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, सगळं आहे. तरी ग्रेट निकोबारमधलं सदाहरित जंगल प्रकल्पासाठी द्यायचं आणि बदली झाडं हरियाणात लावायची! १३० चौरस किलोमीटर वर्षावनाला हरियाणातली रोपं हा मोबदला?

शंकासुर

अवांतर सुरू झालं. आता गाडगीळ समिती, आरे, मग निवडणूक. धागा पाचशेला पोचणार.

रानवाट

घाटमाथा, मुद्दा मोलाचा आहे पण त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. एवढंच म्हणतो की 'इकडचं तोडलं तर तिकडे लावू' हे जुन्या जंगलाच्या बाबतीत सगळ्या देशांत सारखंच पोकळ आहे.

सॅलिशकाठ

कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरून लिहितोय. इथे गंमत अशी की ब्रिटिश कोलंबियातली जवळपास सगळी जमीन सार्वजनिक आहे, 'क्राउन लँड'. पण तोडीचे परवाने कंपन्यांकडे दीर्घ मुदतीचे. जमीन लोकांची, झाडं करारात बांधलेली. जुन्याची व्याख्या किनाऱ्यावर अडीचशे वर्षं.

१९९३ मध्ये क्लायोक्वॉट साउंडला तोडीविरुद्धच्या आंदोलनात साडेआठशेहून जास्त लोकांना अटक झाली. २०२०-२१ मध्ये फेअरी क्रीकला अकराशेच्या वर. कुणी रस्त्यात सिमेंटमध्ये हात अडकवून बसलं, कुणी झाडावर मचाण बांधलं. पण बातम्यांत एक गोष्ट मागे पडली. फेअरी क्रीकचं खोरं पाचीडाट या आदिवासी राष्ट्राच्या प्रदेशात आहे, आणि त्यांच्या नेतृत्वाने एप्रिल २०२१ मध्ये आंदोलकांना 'इथून जा' असं सांगितलं होतं. त्यांचा तोडीच्या उत्पन्नात हिस्सा होता, आणि आमच्या जमिनीचं काय करायचं ते बाहेरच्यांनी ठरवू नये हा मुद्दा होता. त्याच राष्ट्रातले काही लोक आंदोलकांच्या बाजूनेही होते. दोन महिन्यांनी पाचीडाट आणि शेजारच्या दोन राष्ट्रांनी स्वतः सरकारकडे दोन वर्षं तोड थांबवायची मागणी केली, आणि ती तडकाफडकी मान्य झाली. अटकांनी जे झालं नाही ते तीन सह्यांनी झालं असं कुणी म्हणेल. मला वाटतं अटकांशिवाय त्या सह्याही आल्या नसत्या.

तेव्हा 'सार्वजनिक जमीन' म्हणताना ती आधी कुणाची होती हे विसरू नका.

ढोली

पक्षीनिरीक्षक म्हणून थोडं. सगळे घुबडाबद्दल बोलतात, पण माझा आवडता मार्बल्ड मरलेट. समुद्रपक्षी आहे, मासे खातो, आयुष्य लाटांवर. पण अंडं घालायला समुद्रापासून कित्येक किलोमीटर आत येतो. घरटं बांधत नाही. जुन्या झाडाच्या उंचावरच्या जाड फांदीवर शेवाळाची गादी असते, तिच्यावर एकच अंडं. अमेरिकेत त्याचं घरटं पहिल्यांदा सापडलं ते १९७४ साली, कॅलिफोर्नियात, तेही झाडावर चढलेल्या कामगाराला. तोवर हा पक्षी अंडी कुठे घालतो हेच पक्कं माहीत नव्हतं. तशी फांदी कोवळ्या झाडाला येतच नाही. १९९२ पासून तो धोक्यातल्या यादीत आहे.

आणि घुबडाचं म्हणाल तर नुसतं जंगल राखून भागलेलं नाही. पूर्वेकडून आलेलं बार्ड आऊल त्याला हुसकून लावतंय. २०२४ मध्ये तीस वर्षांत साडेचार लाखांपर्यंत बार्ड आऊल मारायची सरकारी योजना मंजूर झाली. पक्षीप्रेमींमध्ये यावरून उभी फूट आहे. मी अजून कुठल्याही बाजूला नाही.

करवत

हे म्हणजे एक घुबड वाचवायला दुसरं मारायचं. असो. माझा प्रश्न: समजा पटलं, तर सामान्य माणसाने करायचं काय? झाडावर चढून बसायला माझं वजन परवानगी देत नाही.

रानवाट

हाहा. तुमच्यासारख्या लाकूड ओळखणाऱ्या माणसाचीच गरज आहे.

पर्यावरण आढावा कायद्याखाली २०२५ पर्यंत बहुतेक प्रकल्पांवर लोकांचं म्हणणं मागवत असत, आताही काहींवर मागवतात. नागरिक असायची अट नाही, व्हिसावरचा माणूसही लिहू शकतो. तयार मजकुराची पत्रं हजार जणांनी पाठवली तरी खातं त्यांना एकच मुद्दा म्हणून निकालात काढतं. उपयोगी पत्र कसं असतं ते सांगतो. प्रकल्पाचा नकाशा उतरवून घ्या, एक युनिट निवडा, तिथे जा. सीमेवर रंगीत फिती बांधलेल्या असतात. झाडांवरचा रंग बघा. कुठला रंग 'ठेवा' आणि कुठला 'काढा' हे प्रत्येक लिलावाच्या कागदात दिलेलं असतं, ते आधी वाचून जा, अंदाज करू नका. व्यासाची टेप घ्या (घेर मोजला की व्यास वाचता येतो, अशी मिळते). छातीच्या उंचीवर, उतारावर असाल तर वरच्या बाजूने मोजा. मग लिहा: युनिट अमुक, या ठिकाणी ४६ इंची डग्लस फर, कागदात मात्र या युनिटमध्ये जुनी झाडं नाहीत असं म्हटलंय, सोबत फोटो. ओढा नकाशात नसेल तर तो टिपा, कारण ओढ्याच्या दोन्ही बाजूंना पट्टा राखावा लागतो आणि त्याने युनिटचा आकार बदलतो. अशा एका पानाकडे दुर्लक्ष करणं अधिकाऱ्याला अवघड जातं.

आणखी एक तिढा: शेवटच्या टप्प्यात आक्षेप घ्यायचा हक्क साधारणपणे त्यालाच असतो ज्याने आधीच्या टप्प्यात लेखी म्हणणं मांडलंय. बरेच लोक बातमी वाचून जागे होतात तोवर ती वेळ टळलेली असते.

जाळरेषा

एक पुस्ती. 'आपत्कालीन' प्रकल्पांत आक्षेपाचा टप्पा वगळता येतो. एप्रिल २०२५ मध्ये कृषिमंत्र्यांनी ११ कोटी एकरांहून जास्त जंगलाला आपत्कालीन स्थिती जाहीर केली, म्हणजे निम्म्याहून जास्त नॅशनल फॉरेस्ट. आणि जळालेल्या जंगलातलं लाकूड काढायच्या नावाखाली काय होतं ते १९९५ मध्ये दिसलंय. खर्चकपातीच्या विधेयकाला एक शेपूट जोडलं, आणि 'जळकं व रोगट' या सदरात निरोगी जुनी झाडंही न्यायालयाच्या आवाक्याबाहेर विकली गेली. म्हणून प्रकल्पाचं नाव काय आहे त्याकडे लक्ष देऊ नका, 'पुनरुज्जीवन', 'लवचिकता' असलं काहीही असेल. कोणत्या व्यासाची किती झाडं, तो तक्ता शोधा. बहुधा परिशिष्टात असतो.

मिलगावकर

आणि पत्र लिहिताना जिल्हा रेंजरला शिव्या घालू नका. तो याच गावात राहतो, त्याची पोरं आमच्या पोरांबरोबर शाळेत आहेत. निम्म्या वेळा त्यालाही तुमच्यासारखंच वाटत असतं, फाइलमध्ये दाखवायला त्याला फक्त कागद हवा असतो.

करवत

ठीक. जुन्या झाडांवर अजून पूर्ण पटलेलो नाही, पण कागदात एक आणि जमिनीवर दुसरं हे माझ्या धंद्यात रोज बघतो, त्यामुळे टेप घेऊन जायला तयार आहे. प्रकल्पांची यादी कुठे मिळते?

रानवाट

नॅशनल फॉरेस्ट प्रस्तावित कामांची यादी लावतात. त्या जंगलाच्या संकेतस्थळावर असते. 'व्हेजिटेशन मॅनेजमेंट' आणि 'फॉरेस्ट प्रॉडक्ट्स' असे हेतू लिहिलेल्या नोंदी आधी बघा. तुम्ही कुठल्या जंगलाच्या जवळ आहात ते व्यक्तिगत निरोपात (व्यनि) कळवा, नकाशा वाचायला मदत करतो. जाळरेषा काका, तुम्ही येणार का सोबत?

जाळरेषा

गुडघा ठीक असेल तर येतो. उताराचं युनिट निवडू नका.